चॅनलला विश्वासाने सांगितलेलं पडद्यावर आलं, तर दावा नेमका कशाचा?

ताई, तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं उत्तर कशाला आहे ते स्पष्ट राहील. लग्न जुळवणाऱ्या साइटवर ओळख झालेल्या नवऱ्याने तुमचे दागिने आणि बचत लुबाडली. गुन्हा दाखल झाला आहे आणि घटस्फोटाचा अर्ज वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात आहे. एका चॅनलच्या गुन्हेविषयक कार्यक्रमाची रिसर्चर परळला तुमच्या घरी आली. ‘दुसऱ्या मुली सावध होतील’ असं ती म्हणाली आणि तुम्ही बोललात. बोलण्याच्या ओघात त्या दिवसांत मानसोपचारतज्ज्ञांकडे जात होतात, गोळ्या चालू होत्या, हेही तुम्ही सांगितलंत. ‘ते घेणार नाही मॅडम, फक्त मला बॅकग्राउंड कळावं म्हणून,’ असा तिचा व्हॉइस मेसेज तुमच्याकडे आहे. कार्यक्रमात नाव बदललं, चेहरा धूसर केला. पण आवाज तुमचाच राहिला, चाळीची गॅलरी ओळखू आली आणि निवेदकाने औषधांचा उल्लेख केलाच. दुसऱ्या दिवशी तुम्ही नोकरी करता त्या बँकेत सगळ्यांना कळलं. शूटिंगआधी टॅबवर तुम्ही एक इंग्रजी फॉर्म सही केला होता. आता तुम्ही विचारता, अब्रुनुकसानीचा दावा लावता येईल का, आणि सही केली म्हणजे सगळं हातचं गेलं का?

सही केली म्हणून सगळं गेलेलं नाही. अब्रुनुकसानीच्या वाटेला मात्र तुम्ही जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दिवाणी अब्रुनुकसानीत ‘आम्ही दाखवलं ते खरं आहे’ एवढं सिद्ध केलं की चॅनल सुटतं. तुम्ही उपचार घेत होतात हे खरंच होतं. मग उलटतपासणीत चॅनलचा वकील तुमची केसपेपरची फाइल मागवेल, डॉक्टरांना साक्षीला बोलावण्याची भाषा करेल, आणि जी गोष्ट झाकावी म्हणून तुम्ही कोर्टात गेलात तीच पानोपानी सिद्ध होत जाईल. त्यात मुदत फक्त एका वर्षाची. लोक तरीही याच दाव्याकडे धाव घेतात, कारण अपमान झाल्याची भावना खरी असते आणि ‘अब्रू’ हा शब्द तोंडात असतो. तुमची अब्रू गेली असं मला वाटत नाही. तुमचा विश्वास मोडला गेला. कायद्यात या दोन गोष्टींचे दावे वेगळे आहेत, आणि दुसरा तुमच्या बाजूने कितीतरी भक्कम आहे. विश्वासभंगाच्या दाव्यात माहिती खरी असणं चॅनलच्या कामाला येत नाही. ती खरी होती, खासगी होती आणि विश्वासाने दिली होती, म्हणून तर तक्रार आहे.

या दाव्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. तो न्यायालयांच्या निकालांतून उभा राहिला आहे. १९६८ सालच्या कोको विरुद्ध क्लार्क या इंग्लिश निकालातली तीन अंगं आजही इथे वापरली जातात. माहिती गोपनीय स्वरूपाची हवी, ती अशा परिस्थितीत दिलेली हवी की घेणाऱ्यावर विश्वास पाळण्याची जबाबदारी येते, आणि परवानगीशिवाय तिचा वापर झालेला हवा. लेखी करार असलाच पाहिजे असं नाही. सॉल्टमन या कंपनीच्या खटल्यातल्या १९४८च्या इंग्लिश निकालापासून हे पक्कं आहे.

आपल्या मुंबईत हा कायदा प्रामुख्याने मालिका आणि कार्यक्रमांच्या कल्पना चोरल्याच्या भांडणांतून घडला. तुम्हाला वाटेल, माझा त्याच्याशी काय संबंध? संबंध मोठा आहे. १९७८ साली आर. जी. आनंदच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. त्यामुळे चॅनलला कल्पना ऐकवून हात हलवत परत आलेल्या लेखकांना कॉपीराइटचा कायदा पुरेना. त्यांच्या वकिलांनी विश्वासभंगाचा आधार घेतला. २००३ साली झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल या अपिलात मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो मान्य केला. सनडायलने ‘क्रिश कन्हैया’ ही मालिकेची कल्पना झीला दिली होती आणि पुढे झीच ‘कन्हैया’ नावाची मालिका घेऊन आली. मूळ कल्पनेत सगळ्यांना ठाऊक असलेले धागे असले, तरी त्यांची केलेली विशिष्ट जुळणी गोपनीय असू शकते, हा त्या निकालाचा गाभा. २००७ साली एका पटकथालेखिकेने एका वृत्तवाहिनीविरुद्ध याच न्यायालयात मनाई हुकूम मिळवला. नागरिक आपल्या भागातला प्रश्न स्वतः सोडवतात, अशा रिॲलिटी शोची तिची कल्पना होती. इंग्लंडमध्ये १९८३ साली थेम्स टेलिव्हिजनविरुद्ध तीन अभिनेत्री जिंकल्या. त्यांनी आपली कल्पना तोंडी सांगितली होती, आणि चॅनलने दुसऱ्या अभिनेत्री घेऊन मालिका काढली. तोंडी सांगितलेलंही गोपनीय राहू शकतं, असं न्यायालय म्हणालं.

आता स्वतःकडे बघा. लेखकाने चॅनलच्या ऑफिसात बसून नॅरेशन दिलं तर त्याला जे संरक्षण मिळतं, ते तुम्ही आपल्या खोलीत बसून त्याच चॅनलच्या माणसाला आयुष्यातली गोष्ट सांगितली तर का मिळू नये? लेखकाला निदान सिद्ध करावं लागतं की त्याच्या कथेत काही नवं होतं. तुम्हाला तेही नाही. स्वतःचे मानसोपचार ही माहिती गोपनीय नाही, असं म्हणायला कोणताही वकील कचरेल.

एका बाबतीत मात्र लेखकांच्या खटल्यांकडून शिका. ‘झोंबिवली’ या मराठी चित्रपटावरच्या खटल्यात २०२१ साली न्या. गौतम पटेल यांनी मनाई नाकारली. आपली नेमकी कोणती माहिती गोपनीय होती हे बोट ठेवून सांगितलं पाहिजे, नुसतं ‘माझी गोष्ट उचलली’ म्हणून भागत नाही, हा त्यांच्या निकालाचा रोख होता. तुमच्या पत्रात सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘त्यांनी माझं सगळं आयुष्य चव्हाट्यावर आणलं’ आहे. मला तुमचं दुःख कळतं. पण दाव्यात ते वाक्य चालणार नाही. फसवणूक कशी झाली, साइट कोणती, दागिने कुठे गहाण पडले, हे दाखवायची परवानगी तुम्ही स्वतः दिली होती आणि त्यात लोकांचं हितही आहे. तेही ओढून दाव्यात घातलंत, तर न्यायाधीशांना वाटेल की कार्यक्रम आवडला नाही म्हणून बाई कोर्टात आल्या आहेत. तुमचा दावा दोन गोष्टींपुरता असावा: उपचारांचा उल्लेख, आणि ओळख नीट न लपवणं. दावा जितका अरुंद, तितका तो धारदार.

याच्या जोडीला खासगीपणाच्या हक्काचा आधार घ्यायचा. १९९४च्या राजगोपाल निकालात, म्हणजे ऑटो शंकर या खुन्याच्या आत्मकथेच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की माणसाला आपल्या वाटेने एकटं राहू देण्याचा हक्क आहे, आणि संमतीशिवाय त्याचं खासगी आयुष्य छापणाऱ्यावर भरपाईचा दावा होऊ शकतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. ‘मूलभूत हक्क सरकारविरुद्ध असतात, आम्ही खासगी कंपनी आहोत,’ हा चॅनलचा ठरलेला युक्तिवाद असतो. जानेवारी २०२३मध्ये कौशल किशोर प्रकरणात घटनापीठाने बहुमताने म्हटलं की कलम १९ आणि २१ खालचे हक्क खासगी पक्षांविरुद्धही लागू करता येतात. तरीसुद्धा मी विश्वासभंगालाच पुढे ठेवीन. खासगीपणाच्या नुसत्या दाव्यात न्यायालयाला तुमचा हक्क आणि चॅनलचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य यांचा तोल साधावा लागतो. इथे चॅनलच्या माणसाने स्वतःच्या तोंडाने शब्द दिला होता, आणि तो शब्द तोलताना न्यायाधीशांचा हात इतका अडखळत नाही.

फसवणुकीत लोकहित आहे म्हणून त्याभोवतीचं सगळं दाखवायची मुभा मिळते का? चॅनल हाच मुद्दा सर्वांत जोरात मांडेल. त्याला उत्तर म्हणून मी दोन इंग्लिश निकाल हाताशी ठेवते. ते इथे बंधनकारक नाहीत, पण आपल्याकडे ते आदराने वाचले जातात. मॉडेल नाओमी कॅम्पबेल जाहीरपणे ‘मी ड्रग्ज घेत नाही’ म्हणत असे. वृत्तपत्राने खरं काय ते छापलं, तेवढ्याला तिचीही हरकत उरली नाही. पण उपचार कुठे आणि कसे चालू आहेत याचे तपशील आणि त्या जागेबाहेरचा फोटो छापणं गैर होतं, असं २००४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ठरवलं. दुसरा निकाल २०१८चा, चॅनल फाइव्हविरुद्धचा. एका जोडप्याला भाड्याच्या घरातून बाहेर काढतानाचं चित्रीकरण दाखवलं होतं. कर्जवसुली आणि घरभाडं हा विषय लोकहिताचा आहे, हे न्यायालयाने मानलं. पण त्यासाठी त्या दोघांची त्या क्षणीची अवस्था घराघरांत दाखवायची गरज नव्हती, असं म्हणून प्रत्येकी १०,००० पौंड द्यायला लावले. तुमच्या बाबतीत प्रश्न तसाच विचारायचा: नवऱ्याने कसं फसवलं हे सांगायला तुमच्या गोळ्यांची गरज होती का? त्या दोन वाक्यांशिवाय कार्यक्रम तसूभरही उणा पडला नसता.

‘चेहरा धूसर केला, नाव बदललं, मग ओळख कुठे दाखवली?’ असंही ते म्हणतील. ओळख पटणं म्हणजे अनोळखी माणसाला नाव कळणं एवढंच नव्हे. जे तुम्हाला ओळखतात त्यांना ‘ही तीच’ असं कळलं की पुरे, कारण नुकसान त्यांच्यातच होतं. इंग्लंडमधल्या एका निराश माणसाने रस्त्यावर आत्महत्येचा प्रयत्न केला. नगरपालिकेच्या कॅमेऱ्यातलं त्या वेळचं त्याचं चित्रण टीव्हीपर्यंत पोहोचलं. बीबीसीच्या कार्यक्रमात चेहरा झाकला होता, पण इतका अपुरा की ओळखीच्यांनी त्याला ओळखलं. २००३ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्याच्या खासगी आयुष्याचा भंग झाल्याचं ठरवून ११,८०० युरो भरपाई दिली.

म्हणून तुमचा कार्यक्रम पुन्हा नीट बघा. मला कल्पना आहे, ते जड जाईल, तेव्हा बहिणीला किंवा मैत्रिणीला शेजारी बसवा. हातात वही घ्या आणि मिनिट-सेकंद टाकून लिहा. गॅलरीतला शॉट कितव्या मिनिटाला आहे? त्यात कठड्यावरची तुळस दिसते का, जिन्यापाशी मंडळाच्या नावाची पाटी दिसते का? तुमचा मूळ आवाज किती सेकंद आहे? औषधांचा उल्लेख कोणत्या शब्दांत झाला, आणि त्या वेळी पडद्यावर काय होतं? मग ज्यांनी तुम्हाला ओळखलं त्यातल्या दोघातिघांना विचारा, नेमकं कशावरून ओळखलंत? ‘आवाज ऐकला आणि मागे आपला जिना दिसला,’ असं शेजारच्या काकूंनी साध्या मराठीत लिहून दिलं, तर ते प्रतिज्ञापत्र माझ्या दहा पानी युक्तिवादापेक्षा जास्त काम करतं.

आता त्या फॉर्मबद्दल. तुमची खरी कमकुवत बाजू हीच आहे, ते लपवून उपयोग नाही. चॅनलांचे रिलीज फॉर्म मी दोन्ही बाजूंनी हाताळले आहेत. त्यात सहसा असतं की चित्रीकरण कसंही संपादित करून, कोणत्याही माध्यमात, कायमचं वापरायला तुमची संमती आहे, आणि या कागदाबाहेर कोणतंही आश्वासन दिलेलं नाही. लेखी दस्ताविरुद्ध तोंडी बोलणं पुढे करता येत नाही, हा पुराव्याच्या कायद्याचा नियम चॅनल पुढे करेल. म्हणून मला सर्वांत आधी दोन तारखा आणि वेळा हव्यात: सही केव्हा झाली आणि तो व्हॉइस मेसेज केव्हा आला. मेसेज सहीनंतरचा असेल, तर आधीच्या संमतीला नंतर घातलेली मर्यादा म्हणून तो मांडता येतो, आणि तुमची बाजू एकदम वर येते. आधीचा असला, तरी त्या शब्दावर विसंबूनच तुम्ही सही केलीत, असा मुद्दा उरतो. दुसरं असं की फॉर्ममध्ये संमती कशाला आहे ते वाचावं लागेल. पुष्कळ फॉर्म ‘चित्रीकरणा’पुरते असतात. औषधांचं तुम्ही कॅमेरा चालू असताना बोललात की आदल्या दिवशी चहा पिताना? आदल्या दिवशी बोलला असाल, तर ते फॉर्मच्या कक्षेतच येत नाही, असं ठामपणे म्हणता येईल. फॉर्मची प्रत तुम्हाला दिली नसेल, तर आजच ईमेलने मागा.

त्यानंतर मला विचारायचंय की उपचारांचा उल्लेख एफआयआरमध्ये, जबाबात किंवा कोर्टाच्या कुठल्या कागदात आहे का. राजगोपाल निकालातच अपवाद आहे की सार्वजनिक नोंदीत, कोर्टाच्या कागदपत्रांतही, जे आलं आहे त्यावर लिहायला सहसा हरकत घेता येत नाही. पोलिसांपुढच्या जबाबात तुम्ही गोळ्यांचं सांगितलं असेल, तर चॅनल तो कागद दाखवेल. पण तुमच्या नवऱ्याने घटस्फोटाच्या प्रकरणात ‘बायको मानसिक रुग्ण आहे’ असं लिहिलं असेल आणि चॅनलने तिथून उचललं असेल, तर गोष्ट वेगळी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ही प्रकरणं बंद दालनात चालतात आणि त्यातलं काही छापणं किंवा प्रसिद्ध करणं बेकायदेशीर आहे. दंड फक्त १,००० रुपयांपर्यंत आहे, आणि तो इतका तुटपुंजा का ठेवला आहे याचा मला आजही राग येतो. तरी दिवाणी दाव्यात त्या कलमाचं वजन दंडापेक्षा खूप जास्त पडतं. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २४ सुद्धा आहे. मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीची माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. तुम्ही कुठे आणि कशा स्वरूपाचे उपचार घेतलेत यावर ते थेट लागू होतं की नुसतं आधाराला येतं, हे ठरेल.

पोलीस स्टेशनच्या फेऱ्या या बाबतीत मारू नका. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, बालकांसाठी पॉक्सोचं कलम २३ आहे. तुमचं प्रकरण त्यात बसत नाही, आणि ओढूनताणून बसवायला गेलात तर दिवाणी दाव्याचं गांभीर्य कमी होतं.

पुरावा मात्र आज-उद्याच गोळा करायला हवा. प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग चॅनलला ९० दिवस ठेवावं लागतं. पण शूटिंगचे रशेस, म्हणजे न कापलेलं मूळ चित्रीकरण, पुसायला त्यांना कोणी अडवत नाही. ‘हे घेऊ नका हं’ असं तुम्ही कॅमेऱ्यासमोर म्हणाला असाल, तर ते वाक्य फक्त तिथेच सापडेल. म्हणून वकिलाची पहिली नोटीस भरपाई मागणारी नसावी. रशेस, रिसर्चरच्या नोंदी, स्क्रिप्टचे मसुदे आणि आपसांतले ईमेल जपून ठेवा, एवढंच सांगणारी ती असावी, आणि ती चॅनलबरोबर प्रॉडक्शन हाउसलाही जावी. यानंतर काही नष्ट झालं, तर न्यायाधीश त्याचा अर्थ काय लावायचा तो लावतात. तुमचा फोन बदलू नका, रिसर्चरबरोबरचं चॅट पुसू नका, व्हॉइस मेसेज दुसऱ्याला फॉरवर्ड करून मूळ डिलीट करू नका. कोर्टात तो दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारी तिची सांकेतिक खूण, लिहावी लागते आणि तज्ज्ञाचीही सही लागते. त्यासाठी मूळ फाइल मूळ फोनमध्येच असली की काम सोपं होतं. यूट्यूबवरची लिंक, अपलोडची तारीख, खालच्या कॉमेंट्समध्ये कोणी तुमचं खरं नाव लिहिलं असेल तर ते, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा.

तक्रारीची वेगळी वाट आहे, ती दाव्याबरोबर चालू शकते. केबल टेलिव्हिजन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चॅनलने तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत स्वनियमन संस्थेकडे जाता येतं, आणि त्यावर केंद्र सरकारची देखरेख यंत्रणा आहे. वृत्तवाहिनी न्यूज ब्रॉडकास्टर्स अँड डिजिटल असोसिएशनची सभासद असेल, तर त्यांच्या प्राधिकरणाच्या नियमांत चॅनलकडे तक्रार प्रक्षेपणापासून सात दिवसांत करायची असते. ती मुदत पाळायचा प्रयत्न करा. करमणूक वाहिनीसाठी बीसीसीसी, म्हणजे ब्रॉडकास्टिंग कंटेंट कंप्लेंट्स कौन्सिल, आहे. इथून पैसे मिळत नाहीत. पण माफीची पट्टी चालवायला किंवा व्हिडिओ काढायला लावणं इथे कोर्टापेक्षा लवकर होऊ शकतं, आणि चॅनलने लेखी उत्तरात जे कबूल केलं ते पुढे कोर्टात तुमच्या हाती असतं. यूट्यूबकडे स्वतंत्र प्रायव्हसी तक्रार करता येते. आवाजावरून ओळख पटते हा मुद्दा तिथे मिनिट-सेकंदासह लिहा.

अंतरिम मनाईबद्दल अपेक्षा ताळ्यावर ठेवा. मार्च २०२४मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयांना बजावलं की पत्रकारितेविरुद्ध घाईने, विशेषतः एकतर्फी, मनाई देऊ नका. तो निकाल अब्रुनुकसानीच्या आरोपावरचा होता. तुमची मागणी प्रक्षेपण कायमचं थांबवण्याची नाही, फक्त दोन वाक्यं, एक शॉट आणि आवाज बदलण्याची आहे. एवढी मर्यादित मागणी घेऊन तातडीचं सर्क्युलेशन, म्हणजे लवकरची सुनावणी, मागितलं की न्यायाधीश ऐकून घेतात, असा माझा अनुभव आहे. पुनःप्रक्षेपणाची तारीख जाहीर झाली असेल तर ती कळवा, तातडी त्यावरून दिसते. दोन महिने वाट बघून गेलात, तर पहिला प्रश्न येईल, ‘इतके दिवस काय करत होता?’

दावा करताना एक नाजूक बाब सांभाळावी लागते. दाव्याच्या अर्जात जे लिहाल ते उद्या कोर्टाच्या नोंदीत जाईल. उपचारांचं वर्णन ‘वादीच्या आरोग्याविषयीची गोपनीय माहिती’ इतक्यावर थांबवायचं, आजाराचं नाव घालायचं नाही. शीर्षकात पूर्ण नावाऐवजी अद्याक्षरं वापरू द्यावीत, असा अर्ज पहिल्याच दिवशी करायचा. तो मान्य करणं न्यायाधीशांच्या हातात आहे, पण मागितलंच नाही तर मिळण्याचा प्रश्नच नाही. प्रतिवादी म्हणून चॅनलची कंपनी आणि प्रॉडक्शन हाउस दोघांना घ्या. त्यांच्यातल्या करारात जबाबदारी कोणी कोणावर ढकलली आहे हे आपल्याला माहीत नसतं. रिसर्चर मुलीला प्रतिवादी करू नये असं मला वाटतं. तिने तुम्हाला दिलेला शब्द बहुधा मनापासून होता आणि एडिट टेबलवर कोणीतरी तो फिरवला. तिला बाजूला ठेवलंत, तर तीच तुमची सर्वांत महत्त्वाची साक्षीदार होऊ शकते.

भरपाईचं पक्कं कोष्टक आपल्याकडे नाही. मागणी जितकी मोठी तितकी कोर्ट फी वाढते, म्हणून पेपरात वाचलेले कोटींचे आकडे डोळ्यांपुढे ठेवू नका. २०१८ साली क्लिफ रिचर्डला बीबीसीकडून २,१०,००० पौंड मिळाले. त्याच्या घरावरच्या पोलीस झडतीचं हेलिकॉप्टरमधून चित्रीकरण करून ते जगभर दाखवलं होतं, आणि तो जगप्रसिद्ध गायक आहे. नाओमी कॅम्पबेलला मात्र ३,५०० पौंडच मिळाले होते. बँकेत बदली झाली, बढती अडली, रजा घ्यावी लागली, पुन्हा डॉक्टरांकडे जावं लागलं, असं काही झालं असेल तर त्याचे कागद जमवा. ठोस नुकसान कागदावर दिसलं की आकडा आपोआप उभा राहतो. दावा सिटी सिव्हिल कोर्टात जाईल असं धरून चाला. फोर्टला की दिंडोशीला, हे तुमच्या वकिलांनी हद्द पाहून ठरवावं.

यातली बरीचशी प्रकरणं तडजोडीने मिटतात, तुमचंही मिटू शकेल. बोलणी सुरू झाली की चॅनल आधी रक्कम पुढे करेल, आणि त्याबरोबर तुम्ही कुठेही काही बोलणार नाही असं लिहून मागेल. रकमेआधी बाकीचं ठरवून घ्या. मूळ फाइलमधून औषधांचा उल्लेख आणि गॅलरीचा शॉट काढणं, आवाज बदलणं, त्यांच्या सगळ्या भगिनी वाहिन्या, ॲप आणि यूट्यूबवरची जुनी प्रत हटवणं, पुढे कोणाला हक्क विकले तर बदललेलीच प्रत देणं. हे नुसत्या पत्रावर घेऊ नका. कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या तडजोडीच्या अटी, करून कोर्टात दाखल करा आणि चॅनलचा शब्द कोर्टाला दिलेली हमी म्हणून नोंदवून घ्या. तो मोडला तर मग नवा दावा लावायची गरज राहत नाही, थेट अवमानाचा अर्ज करता येतो.